गळकं टोपण

आमच्या आप्पांना थेंब गळताना बघवत नाही. हा स्वभाव म्हणावा की आजार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मिरजगावच्या अलीकडे, कोरड्या माळावर आमचं गाव. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला होते. थोडी ज्वारीची जमीन आणि कमरेला व्हॉल्व्हची चावी, एवढ्यावर त्यांनी घर चालवलं. टाकीतलं पाणी कुठल्या आळीला कधी सोडायचं हे त्यांच्या हातात असे, आणि उरलेला सगळा वेळ ते पाइपलाइनच्या कडेकडेने फिरत, कुठे ओल दिसते का ते बघत. खताच्या गोणीची शिवलेली एक पिशवी कायम त्यांच्या खांद्याला. तिच्यात पाना, पक्कड, सुतळी, पाइपच्या जोडाला लावायचा सफेदा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. कुठे गळती दिसली की उकिडवं बसायचं आणि ती थांबेपर्यंत उठायचं नाही.

माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि मुलीचा बाप सापडेना. आईने इकडेतिकडे माणसं पिटाळली. शेवटी ते मांडवामागे सापडले. पाण्याच्या टँकरची तोटी गळत होती आणि आप्पा नव्या फेट्यासकट तिच्यापुढे बसून ट्यूबची पट्टी आवळत होते. अक्षता टाकायला आले तेव्हा हाताला काळं लागलेलं होतं. सासरची माणसं हसली. त्यांच्यासोबत मीही हसले, पण आतून मला ते आवडलं नव्हतं. फोटोतसुद्धा तो काळा हात दिसतो.

लग्न होऊन मी आले ती थेट पाण्याच्या काठावर. तालुका तोच, कर्जत, पण हे गाव भीमेच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्याला लागून. सासरची निम्मी जमीन धरणाने घेतलेली, उरलेल्यात ऊस. नवरा उसाचं बघतो आणि होडी चालवतो. जाळी टाकतो, पलीकडच्या काठाला माणसं नेतो, आणि हिवाळ्यात पक्षी आले की ते बघायला पुण्याकडून येणाऱ्या लोकांना पाण्यावर फिरवून आणतो. त्या लोकांना मी आमच्या ओसरीवर जेवायला घालते. मासे, भाकरी, ठेचा. माझं तोंड चालतं आणि हात त्याहून जास्त चालतात, त्यामुळे लोक परत येतात.

आप्पा पहिल्यांदा आले तेव्हा काठावर कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. समोर नजर जाईल तिथपर्यंत पाणी. मला वाटलं आनंद झाला असेल. ते म्हणाले, "एवढं पानी, आन राखायला कोनी न्हाई?"

मग घरात आल्यावर त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. गावाकडून भरून आणलेली. एसटीतून, कोरड्या माळावरचं पाणी घेऊन, ते धरणाच्या काठावर आले होते. आमच्याकडे जुन्या माणसांत अशी रीत आहे की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मुलगी दिली, आता तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, असं काहीतरी त्यामागे आहे. आता कोण पाळतं? पण आप्पांनी पाळली. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्यासुद्धा जुन्या वळणाच्या. त्यांना हे बरोबरच वाटलं. मलाच चारचौघांत कानकोंडं व्हायचं. बाहेर पुण्याचे पाहुणे जेवत असायचे आणि माझे वडील एका कोपऱ्यात बसून आपल्या बाटलीतलं कोमट पाणी पीत असायचे. "तुमच्या वडिलांना बरं नाही का?" असं एकीने विचारलं होतं. मी हो म्हटलं. रीत समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

मला मुलगी झाली आणि ती रीत संपली. आप्पा नातीला बघायला आले त्या दिवशी आत्यांनी मुद्दाम तांब्या घासून चकचकीत केला, त्यात पाणी आणि वाटीत गुळाचा खडा ठेवून स्वतः बाहेर आणला. आप्पांनी टोपी सारखी केली, गूळ तोंडात टाकला आणि तांब्या वर धरून घटाघटा प्यायले. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. आप्पा म्हणाले, "ग्वाड हाय पानी." मग जेवले. पण जेवण्याआधी त्यांनी मोरीचा नळ काढून, वायसर बदलून, परत बसवला.

तेव्हापासून तसा पायंडाच पडला. आप्पा आले की आधी काही ना काही दुरुस्त करणार. पंपाची जोडणी, ठिबकची नळी, गोठ्यातली हौद भरायची तोटी. मगच हात धुऊन ताटावर बसणार. घरात काहीच बिघडलेलं नसेल तर ते बेचैन होत, उगाच मोरीकडे जाऊन येत, नळ पिळून बघत. रीत संपली होती, पण लेकीच्या घरी फुकट खायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. हातांनी काहीतरी दिलं की ते मोकळेपणाने जेवत, आत्यांशी गप्पा मारत, जावयाला ऊस कसा लावावा ते सांगत. या घरात त्यांची जी काही जागा होती ती त्यांनी त्या पिशवीवर मिळवलेली होती. हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असूनही पुढचं सगळं माझ्या हातून झालं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. होडीच्या मागच्या बाजूला लावायचं मशीन नवऱ्याने कोकणातून कुणाचं तरी वापरलेलं आणलेलं. मशीन जुनं, पण दमदार. त्याला पेट्रोलची टाकी वेगळी आणि इंजिनाच्या झाकणाखाली ऑइलची छोटी टाकी वेगळी. मशीन चालू असताना त्या टाकीतलं ऑइल आपोआप थोडं थोडं इंजिनात जात राहतं, पेट्रोलमध्ये हाताने मिसळावं लागत नाही. त्या ऑइलच्या टाकीचं टोपण गळायला लागलं. होडी काठाला लावून मशीन वर उचललं की ऑइल टोपणातून पाझरायचं, झाकणाच्या आत साठायचं आणि मग खालून पाण्यात उतरायचं. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग. नवरा रोज पुसायचा, रोज तो परत यायचा.

सकाळी आमच्या काठाला बायका धुणं धुतात. एकीने मला ऐकवलं, "तुमच्या होडीनं पार रांगोळी काढली की गं पान्यावर." मी हसण्यावारी नेलं. पण मग एका पक्षी बघायला आलेल्या गृहस्थांनी कॅमेरा पक्ष्यांवरून काढून त्या तवंगावर लावला आणि मला म्हणाले, "तुम्ही इथलेच ना? मग तुम्हीच पाणी घाण करता?" अंगाची लाहीलाही झाली. कारण मी त्यांना नुकतंच, जेवण वाढता वाढता, आमच्या माळावर पाण्याचा थेंब कसा जपतात ते रंगवून सांगितलं होतं. तोंडघशी पडल्यासारखं झालं.

नवरा म्हणाला, तालुक्याच्या गावाहून मेकॅनिक आणू. मी म्हटलं, "मेकॅनिक कशाला? गळतीच हाय ना? आमच्या आप्पांना बोलावते." छाती फुगवून बोलले. लग्नात ज्या काळ्या हाताची लाज वाटली होती तोच आता मला मिरवायला हवा होता. मीच फोन केला. आप्पा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हजर. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आजवर त्यांनी या घरातले नळ दुरुस्त केले होते, पण जावयाचं मशीन म्हणजे घराचं पोट. त्याला हात लावायला बोलावलं होतं.

नवरा उसाला पाणी द्यायला गेला होता. जाताना आप्पांना टोपण दाखवून म्हणाला, "मामा, हे बगा. हितनं गळतंय." आप्पांनी होडीत बसून टोपण काढलं, पालथं केलं, नखाने आतलं रबर खरवडलं. ते कडक होऊन चिरलेलं होतं. मला वाटलं आता ट्यूबची पट्टी निघणार. पण आप्पा म्हणाले, "ट्यूब चालायची न्हाई. तेलात रबर फुगतं." पूर्वी आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं, तेव्हाचं त्यांचं ते ज्ञान. त्यांनी पिशवीतून, इंजिनाच्या जोडात घालतात त्या पॅकिंगच्या जाड कागदाचा तुकडा काढला, टोपणाची कड त्यावर दाबून छाप घेतला आणि कात्रीने असा गोल कापला की मी बघत राहिले. हात थरथरतात त्यांचे आता, पण कात्री लागली की थांबतात. पॅकिंग बसवलं, टोपण आवळलं, मशीन वर उचललं. कडेने एक थेंब नाही.

पण टोपणाच्या मधोमध ओल दिसत होती. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिलं. तिथे बारीकसं भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. मशीन आडवं झालं की त्यातूनही ऑइल हळूच वर येत होतं.

"हे भोक कशाचं गं?" आप्पांनी विचारलं.

मी काय सांगणार? मी म्हटलं, "जुनं मशीन हाय, पडलं असंल."

"पडल्यालं वाटत न्हाई. गोल हाय. जावईबापूंना इचारू का?"

नवरा उसात होता, त्याचा फोन लागत नव्हता, दुपारी पाहुणे यायचे होते आणि चुलीवर माझं कालवण होतं. मी म्हणाले, "आप्पा, गळतंय ना त्यातनं? मग बुजवा की. त्यात इचारायचं काय?"

आमच्या गावचं कुठलंही माणूस हेच म्हणालं असतं. भोक दिसलं आणि त्यातून काही बाहेर येत असलं, की ते बुजवायचं. दुसरा विचारच आमच्या डोक्यात येत नाही. दोन वड्या एकत्र मळून लावायची ती लांबी आप्पांच्या पिशवीत होती. त्यांच्या बोटांना ती नीट मळता येईना, म्हणून मीच मळून दिली. त्यांनी चिमूटभर घेऊन भोकावर दाबली, अंगठा फिरवून गुळगुळीत केली. ती वाळेपर्यंत आम्ही दोघं होडीत बसून राहिलो. माझी मुलगी काठावरून हाका मारत होती. आप्पा पाण्याकडे बघून म्हणाले, "बघ, येक थेंब न्हाई." मला खरंच अभिमान वाटला. तो क्षण मला आठवतो, म्हणून पुढचं जास्त लागतं.

दुपारी पाहुणे आले. आजी, नातवंडं, गळ्यात दुर्बिणी, असं भरलेलं कुटुंब. नवऱ्याने टोपण पाहिलं, पाण्यावरचा तवंग गेलेला पाहिला आणि म्हणाला, "मामा, तुमी तर डॉक्टर हाय." वरची लांबी त्याच्याही लक्षात आली नाही, कारण आप्पांनी तिच्यावरून ऑइलचा हात फिरवून तिचा रंग टोपणासारखा केला होता. सफाईने केलेलं काम दिसू नये, ही त्यांची जुनी सवय. होडी गेली. आप्पा काठावरच्या दगडावर बसले. आत्या त्यांना जेवायला हाक मारत होत्या. ते म्हणाले, "मशीन माघारी येऊ द्या. मग बसतो."

होडी परत आली ती दुसऱ्याच्या होडीला दोर बांधून. पार मध्यावर, पक्षी जिथे उतरतात तिथे, मशीन जड झालं, जळका वास आला आणि बंद पडलं. सुरू करायचा दोर ओढला तर तो हलेना. उन्हात सगळे बसून राहिले. जाळी टाकणाऱ्या एकाने बघितलं आणि ओढून आणलं. आजी घाबरल्या होत्या. मुलं भुकेने रडत होती. होडी काठाला लागताच नवऱ्याने मशीनचं झाकण काढलं. ऑइलची टाकी भरलेलीच होती, सकाळी होती तेवढीच. त्याने टोपण फिरवलं तसा आत हवा शिरल्याचा फस्स असा आवाज आला. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

नवऱ्याने टोपण उन्हात धरलं, अंगठ्याने चोळलं आणि हळू म्हणाला, "हवा आत जायचं भोक हुतं हे. ते बुजलं, मग आईल खाली उतरंना. मशीन कोरडंच चाललं."

पाहुणे बघत होते. ज्या गृहस्थांनी होडी ठरवली होती ते म्हणाले, "कुणी दुरुस्त केलं हे?"

आप्पा दगडावरून उठले होते. काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"कुनी सांगितलं हुतं तुमाला त्याला हात लावायला?" मी ओरडले. "हे काय तुमच्या गावातलं नळकोंडाळं हाय का? भोक दिसलं की बुजव, एवढंच येतंय तुमाला!"

सगळ्यांसमोर. नवऱ्यासमोर, आत्यांसमोर, परक्या आजींसमोर. तुमच्या गावातलं म्हणाले, जणू ते माझं गाव नव्हतंच. माझ्या नखांत तेव्हाही ती लांबी वाळून बसलेली होती.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना म्हणता आलं असतं की तूच फोन केलास. म्हणता आलं असतं की मी विचारतो म्हणत होतो, तूच नको म्हणालीस. ते वाट बघत होते असं मला वाटतं, की मी स्वतःच आता थांबेन आणि काहीतरी बोलेन. मी पदर खोचून पाहुण्यांना आत चला म्हणाले. मग आप्पा नवऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "चुकलं माजं, जावईबापू. मला कळाया पायजे हुतं."

"आसू द्या मामा. मशीन हाय, हुतं आसं," नवरा म्हणाला. तो खरोखर चिडला नव्हता. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

मी आत ताटं वाढली. एक ताट आप्पांचं होतं. बाहेर येऊन बघते तर ते पिशवी खांद्याला लावून फाट्याच्या रस्त्याला लागले होते. आत्या मागून हाका मारत होत्या, "अवं पाव्हनं, दोन घास खाऊन जावा." ते थांबले, मागे वळून हात जोडले आणि निघाले. आत्यांना नाही म्हणताना त्यांनी हात जोडलेले मी कधी बघितले नव्हते.

मी काही लपवून ठेवलं नाही. त्याच संध्याकाळी नवऱ्याला आणि आत्यांना सगळं सांगितलं. बुजवायला मी सांगितलं, लांबीही मी मळली. नवरा म्हणाला, "मग मामांना कशाला बोललीस?" आत्यांनी आप्पांचं न जेवलेलं ताट उचलून झाकून ठेवलं. आप्पांनाही मी फोन करून सांगितलं, "माझंच चुकलं, आप्पा. मीच म्हनाले हुते बुजवा म्हनून." ते पलीकडून म्हणाले, "तू म्हनालीस ते खरंच हुतं की बाय. भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच येतं मला." रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते साधेपणाने म्हणाले. मी त्यांच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल एक वाक्य बोलले होते आणि ते त्यांनी मान्य करून टाकलं होतं.

मशीन मेलं नव्हतं. मेकॅनिक आला, त्याने आत ऑइल सोडून ते मुरत ठेवलं आणि हळूहळू फिरवून सोडवलं. टोपण मात्र मी त्याला करू दिलं नाही. माझं मीच घेऊन बसले. लांबी दगडासारखी झाली होती. गोधडीच्या सुईने टोकरून टोकरून मी ती काढली, भोक मोकळं केलं, उजेडाकडे धरलं. पलीकडे पाण्याचा ठिपका दिसला. आप्पांचं पॅकिंग तसंच ठेवलं. मेकॅनिक म्हणाला, हे कापलंय चांगलं, बदलायची गरज नाही. नवऱ्याला मेकॅनिकने सांगितलं की मशीन फार आडवं करून ठेवू नका, म्हणजे भोकातून येणार नाही. एवढंच होतं सगळं. त्या पॅकिंगमधून आजवर काही गळलेलं नाही. तेही मी आप्पांना फोनवर सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले आणि नातीला फोन द्यायला सांगितला.

त्यानंतर ते कितीतरी दिवस आले नाहीत. कधी ज्वारी काढायची होती, कधी गुडघा दुखत होता, कधी एसटी चुकली होती. मी गावी गेले तर नेहमीसारखे वागले. चहा केला, शेंगा भाजल्या. पण परत निघताना "येता का चला" म्हटलं की नजर दुसरीकडे. शेवटी यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला नवरा स्वतः मोटारसायकल घेऊन गेला आणि नातीने बोलावलंय म्हणून त्यांना घेऊन आला.

ते येणार म्हणून मी एक वेडेपणा केला. सकाळी मोरीच्या नळाचं वायसर काढून जुनं, झिजलेलं टाकलं. नळ ठिबकायला लागला. टप, टप, खाली पत्र्याच्या बादलीत. मोठा आवाज यावा म्हणून बादली रिकामीच ठेवली. आत्यांनी बघितलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. फक्त त्यांनी तांब्या घासायला घेतला.

मोटारसायकल दारात आली. आप्पांच्या खांद्याला पिशवी होती. तीच, खताच्या गोणीची. माझा जीव एकदम हलका झाला. हे सगळं आता सरळ होईल असं वाटून गेलं. मी त्यांना ओसरीवर खुर्ची दिली, मुद्दाम अशी की तिथून मोरी दिसेल. नवरा मोटारसायकल लावून जनावरांकडे गेला. मुलगी शेजारच्या अंगणात खेळायला गेली होती. आम्ही दोघंच.

टप, टप.

आप्पांनी ऐकलं. त्यांची मान आपोआप तिकडे वळली. पायाचा अंगठा जमिनीवर हलला. मला ते इतके ओळखीचे आहेत की उठायच्या आधी त्यांचा कुठला हात गुडघ्यावर जातो तेही मला माहीत आहे. तो हात गुडघ्यावर गेला.

मग तो हात तसाच मागे आला.

"नळ गळतोय बाय," ते म्हणाले. "जावईबापूंना सांग, कुनाला तरी बोलवून घ्या म्हनावं."

"आप्पा, तुमीच बघा ना," मी म्हटलं.

"नगं. मला काय कळतंय त्यातलं."

आणि त्यांनी पिशवी पुढे ओढून तिच्यात हात घातला. अजूनही मला वाटलं पाना काढतील. आत चाचपत होते, नातीसाठी आणलेल्या शेंगांची पुडी बाजूला सारत होते. आतून त्यांनी पाण्याची बाटली काढली. गावाकडून भरून आणलेली.

आत्या तेवढ्यात आतून तांब्या घेऊन बाहेर येत होत्या. उंबऱ्यातच थांबल्या. आप्पांनी त्यांना बघितलं नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली, बाटलीचं झाकण उघडलं आणि वर धरून पाणी प्यायले. आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग त्या भरलेला तांब्या तसाच घेऊन परत आत गेल्या.

आप्पांनी झाकण घट्ट लावलं, बाटली उलटी करून ती गळत नाही ना ते बघितलं आणि पिशवीत ठेवली.